चार बोटांची बेगमी

जुनी मारुती ८००, झेन किंवा प्रीमियर पद्मिनी अजून दारात उभी असलेल्या घरात एक प्रश्न कधी ना कधी निघतोच, आणि तो बहुतेकदा घरातल्या सर्वांत तरुण माणसाच्या तोंडून निघतो: ही गाडी जरा लो केली तर काय बिघडतं? टायर आणि मडगार्डच्या मधल्या फटीत चार बोटं आरामात जातात, तिथे दोनच जावीत, एवढीच त्याची मागणी. थोरल्यांचं उत्तर ठरलेलं असतं, ‘खाली लागेल’. गॅरेजवाला म्हणतो, ‘संध्याकाळपर्यंत करून देतो’. पासिंगची कामं करणारा एजंट म्हणतो, ‘चालतं हो, कोण बघतंय?’ तिघांच्याही बोलण्यात थोडं तथ्य आहे, पण पुरतं उत्तर एकाकडेही नाही. त्यासाठी आधी हे कळायला हवं की ती चार बोटांची फट तिथे ठेवलीच कशाला, आणि मग हे, की ती कमी केल्यावर कायद्याच्या लेखी गाडी तीच राहते का.

या प्रश्नाचं उत्तर गावागणिक बदलतं, म्हणून आपण एक गाव धरून चालू. हर्णे घेऊ. दापोलीहून पंधरा-सोळा किलोमीटर वळणं घेत समुद्राकडे उतरणारा रस्ता, डांबर अरुंद, समोरून एसटी आली की डाव्या चाकांनी साइडपट्टीवर उतरायचं. बंदराच्या बाजूला मासळीच्या गाड्यांतून सांडलेलं खारं पाणी. पावसाळा साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपासचा. आणि गणपतीला, शिमग्याला माणसं, पिशव्या, नारळ यांनी खच्चून भरलेली मोटार. मुंबईत जन्म काढलेल्या कित्येक गाड्या म्हातारपणी अशाच गावांत येऊन राहतात. गुळगुळीत रस्त्यावर एकट्या चालकाला घेऊन पळणाऱ्या गाडीला जे खपून जातं, ते इथे खपत नाही.

१. फट कशासाठी असते?

गाडीचं वजन स्प्रिंगांवर तोललेलं असतं. चाक दगडावर चढलं की ते वर उचललं जातं, स्प्रिंग दबते, आणि वरचा सांगाडा जवळजवळ होता तिथेच राहतो. चाकाला वर सरकायला जागा हवी, ती म्हणजे ही फट. चाक तिच्याही पलीकडे जाऊ लागलं तर शेवटी एक रबरी ठोकळा असतो, त्याला गॅरेजमध्ये बफर म्हणतात. बफरही पूर्ण दबला की लोखंडावर लोखंड आदळतं, आणि तो आवाज एकदा ऐकलेला माणूस विसरत नाही. तेव्हा गाडी उभी असताना जी जागा रिकामी दिसते, ती खड्ड्याच्या वेळेसाठी राखून ठेवलेली असते. कोकणातल्या घरात वैशाखात कणगी भरलेली दिसते, म्हणून कोणी म्हणत नाही की एवढा तांदूळ उगाच पडलाय. ती पावसाची बेगमी. मडगार्डखालची चार बोटं ही खड्ड्यांची बेगमी आहे.

बेगमी अर्धी केली तर सोय अर्धी होईल असं वाटतं. तसं होत नाही, आणि पुढचं सगळं इथूनच निघतं. स्प्रिंग जितकी दबते तितकी उलट जोर करते. दबण्याचा पहिला सेंटिमीटर सहज जातो, शेवटचा फार जोर खाऊन जातो. म्हणजे आघात जिरवण्याचं मोठं काम दबण्याच्या शेवटच्या टप्प्यात होतं. चाकाची सरकायची जागा ७० मिलिमीटरवरून ३५ वर आली, स्प्रिंग तीच राहिली, तर ती जिरवू शकेल असा आघात निम्मा होत नाही, चौथाई होतो. उरलेले तीन भाग कुठे जातात? बफरमध्ये, शॉकॲब्सॉर्बरच्या वरच्या माउंटिंगमध्ये, पत्र्याच्या जोडांमध्ये आणि बसणाऱ्याच्या मणक्यांत. वीस वर्षं खाऱ्या हवेत उभ्या असलेल्या गाडीच्या जोडांची अवस्था पाहता, हा पाहुणा त्यांच्याकडे न पाठवलेला बरा.

२. स्प्रिंग कापली की काय होतं?

गाडी खाली घेण्याचा सगळ्यांत स्वस्त मार्ग म्हणजे स्प्रिंगचा एखादा वेढा ग्राइंडरने उडवणं. त्याच्या बाजूने एक युक्तिवाद नेहमी केला जातो, आणि तो अगदीच पोकळ नाही: वेढा कापला की स्प्रिंग कडक होते, मग जागा कमी झाली तरी गाडी बफरला लागत नाही. पहिला भाग खरा आहे. स्प्रिंग म्हणजे गुंडाळलेली पोलादी तार, आणि ती दबते म्हणजे ती तार पिळली जाते. लांब बांबू हाताने वाकतो, त्याचाच हातभर तुकडा वाकत नाही. तसंच तारेची लांबी कमी झाली की ती पिळायला जास्त जोर लागतो. दुसरा भाग खरा आहे का, ते आकडे मांडून पाहू.

सोयीसाठी गोल आकडे घेऊ. पुढच्या एका स्प्रिंगवर २०० किलो भार आहे. स्प्रिंगला कामाचे ८ वेढे, मोकळी असताना उंची ३२० मिलिमीटर, आणि २ किलोला ती १ मिलिमीटर दबते. म्हणजे २०० किलोला १०० मिलिमीटर दबून ती २२० वर स्थिरावेल. बफरपर्यंत अजून ७० मिलिमीटर शिल्लक. आता एक वेढा कापला. मोकळी उंची २८० झाली, वेढे ७ उरले, आणि १ मिलिमीटर दाबायला २ ऐवजी सुमारे २.२९ किलो लागू लागले. त्याच २०० किलोला ती ८७.५ मिलिमीटर दबेल आणि १९२.५ वर थांबेल. चाळीस मिलिमीटरचा तुकडा उडवला, पण गाडी उतरली साडेसत्तावीस. आता हिशोब करा: कडकपणा वाढला १४ टक्के आणि बफरपर्यंतची जागा घटली ३९ टक्के. आघात जिरवण्याची ताकद आधी १०० धरली तर आता ती ४२ वर आली. ती पूर्ववत हवी असेल तर स्प्रिंग मूळच्या जवळजवळ पावणेतीन पट कडक करावी लागेल, आणि तेवढ्या कडक स्प्रिंगवर दापोलीला जाऊन येणं म्हणजे चारचाकी बैलगाडीचा अनुभव.

यात शॉकॲब्सॉर्बर अजून आलाच नाही. पडवीतला झोपाळा आठवा. झोका देणं हे स्प्रिंगचं काम, आणि जमिनीला पाय घासून झोका थांबवणं हे शॉकॲब्सॉर्बरचं काम. झोका जोरकस झाला आणि पाय मात्र म्हाताऱ्याचाच राहिला, तर झोपाळा थांबत नाही. शिवाय शॉकॲब्सॉर्बर मूळ उंचीसाठी बेतलेला असतो. गाडी खाली आली की त्याचा दांडा कायम आत दाबलेल्या अवस्थेत राहतो आणि मोठ्या खड्ड्यात तळाला आदळतो. कापलेल्या टोकाची आणखी एक तक्रार आहे. बऱ्याच स्प्रिंगांचं टोक बैठकीत नीट बसावं म्हणून घडवलेलं असतं. कापलेलं टोक तिथे नीट बसत नाही. आणि चाक अधांतरी लटकलं, म्हणजे समजा डांबराची कड सोडून खोल साइडपट्टीवर उतरलं, तर आखूड झालेली स्प्रिंग सैल पडून बैठकीवरून सरकू शकते.

काही ठिकाणी कापण्याऐवजी गॅसच्या ज्योतीने स्प्रिंग लाल करून बसवतात. याबद्दल फार लिहायची गरज नाही. कोयत्याला पाणी देणं म्हणजे काय हे ज्याला ठाऊक आहे, त्याला पाणी दिलेली वस्तू पुन्हा भट्टीत घातल्यावर तिचं काय होतं हेही ठाऊक असतं. पद्मिनीसारख्या गाडीला मागे पाटे असतात, तिथे एखादा पाटा काढून टाकायची पद्धत आहे. त्याचा परिणाम उलटाच: गाडी खालीही येते आणि मऊही होते, म्हणजे बेगमी दोन्हीकडून जाते.

३. वळणावर गाडी खरंच चिकटते का?

गाडी खाली घेणाऱ्यांचा खरा दावा दिसण्याचा नाही, निदान तसं ते सांगत नाहीत. दावा असा, की वजन जमिनीजवळ आलं की गाडी वळणावर स्थिर राहते. तत्त्व बरोबर आहे. उजव्या वळणावर गाडीचा भार डाव्या चाकांकडे झुकतो, आणि वजनाचा मध्य जितका खाली तितका भार कमी झुकतो. प्रश्न आहे तो किती कमी, याचा. माणसांसकट ८०० किलोची छोटी गाडी धरा. डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर १२०० मिलिमीटर, वजनाचा मध्य जमिनीपासून ५०० मिलिमीटरवर. अंगावर येईल इतक्या वेगाने वळण घेतलं, म्हणजे बाहेर ढकलणारा जोर वजनाच्या निम्मा झाला, तर सुमारे १६७ किलो भार एका बाजूहून दुसरीकडे जातो. गाडी ३० मिलिमीटर खाली घेतली तर जातो १५७ किलो. सगळ्या खटाटोपाची कमाई १० किलो, सात-आठ असोल्या नारळांइतकी. डिकीतली पोती उतरवून ठेवली तर याहून जास्त फायदा होईल.

मारुती ८०० आणि तिच्यासारख्या अनेक छोट्या गाड्यांच्या बाबतीत एक गंमत याहून पुढची आहे. यांच्या पुढच्या चाकांना स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बर एकाच उभ्या दांड्यावर बसवलेले असतात. या रचनेला मॅकफर्सन स्ट्रट म्हणतात. वळणावर गाडी कलते ती जणू एका अदृश्य बिजागरीभोवती, आणि ही बिजागरी चाक धरून ठेवणाऱ्या खालच्या हातांच्या कोनावर ठरते. बिजागरी आणि वजनाचा मध्य यांमधलं अंतर म्हणजे गाडीला कलवणारी पहार. गाडी खाली घेतली की वजन खाली येतं, पण या रचनेत बिजागरी त्याहूनही जास्त खाली जाते. पहार लांबते. म्हणजे नुसती उंची कमी करून गाडी वळणावर कमी कलेल असं नाही, उलट जास्त कलू शकते. कमी कलते ती कडक झालेल्या स्प्रिंगमुळे. त्याच वेळी स्टिअरिंगच्या दांड्यांचे कोनही बदलतात. ते कोन मुळात असे ठेवलेले असतात की चाक वर-खाली झालं तरी त्याची दिशा बदलू नये. ते बिघडले की खडबडीत रस्त्यावर गाडी स्वतःहून डावी-उजवी ओढ खाते, आणि टायरची एकच कड झिजू लागते.

मग कंपनीच्या स्पोर्टी गाड्या खालीच असतात, त्या कशा चालतात? त्या चालतात, कारण तिथे उंची हा शेवटचा आकडा असतो, पहिला नव्हे. स्प्रिंग, शॉकॲब्सॉर्बर, बफर आणि सगळे कोन त्या उंचीसाठी एकत्र बेतलेले असतात. शिंप्याने मापाने शिवलेला आखूड झगा आणि कात्रीने खालून कापलेला लांब झगा, दोन्हींची उंची एकच भरेल. पण घातल्यावर फरक कळतो.

४. गतिरोधकाचं गणित

‘खाली लागेल’ हा आक्षेप सगळे घेतात, पण मोजत कोणी नाही. मोजून पाहिलं तर निघणारं उत्तर थोडं अनपेक्षित आहे. इंडियन रोड्स काँग्रेस या रस्तेबांधणीची मानकं ठरवणाऱ्या संस्थेने गोल गतिरोधकाचं माप दिलं आहे: रुंदी ३.७ मीटर, मध्यावरची उंची १० सेंटिमीटर, गोलाईची त्रिज्या १७ मीटर. ताशी २५ किलोमीटरने त्यावरून जाता यावं असा हेतू. मारुती ८०० च्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर २१७५ मिलिमीटर. म्हणजे गतिरोधकाच्या बरोबर माथ्यावर असताना गाडीची चारही चाकं गतिरोधकावरच चढलेली असतात. चाकं टेकलेल्या रेषेपेक्षा माथा किती वर येतो? हिशोब केला तर फक्त ३५ मिलिमीटर. मानकाप्रमाणे बांधलेला गतिरोधक गाडीच्या पोटाखालची तेवढीच जागा खातो.

आता बेगमीचा हिशोब पूर्ण करू. रिकाम्या गाडीच्या पोटाखाली १६० मिलिमीटर जागा आहे असं धरू. चार माणसं आणि सणाचं सामान भरल्यावर मध्यभाग ४० ने खाली गेला. उतारावर ब्रेक मारत येताना, किंवा गतिरोधकावरून उतरून लगेच खड्डा लागल्यावर, गाडी आणखी ४५ ने दबली. उरले ७५. त्यातून माथ्याचे ३५ वजा केले की उरले ४०. हीच ती खरी शिल्लक. गाडी २५ ने खाली घेतली असेल तर १५ मिलिमीटर उरतात, ४० ने घेतली असेल तर काहीच उरत नाही, आणि हे सारं मानकाप्रमाणे बांधलेल्या गतिरोधकावर. गावात रात्रीतून उठणारा, हातभर रुंद आणि वीतभरापेक्षा थोडा कमी उंच गतिरोधक हा वेगळाच प्राणी. त्याच्या दोन्ही बाजूंना चाकं सपाट जमिनीवर असतात आणि त्याची सगळी उंची पोटाखाली येते. तो १५ सेंटिमीटरचा असेल तर मूळ उंचीची भरलेली गाडीही घासते. ज्याला हे पटत नाही त्याने कोणत्याही गॅरेजमध्ये विचारावं, वर्षाला किती फुटलेले ऑइल चेंबर येतात.

तेव्हा ‘मूळ गाडीही लागतेच, मग अजून थोडी खाली गेली म्हणून काय झालं?’ या म्हणण्याचं उत्तर असं: वाईट गतिरोधकावर दोन्ही गाड्या लागतील, पण चांगल्या गतिरोधकावर फक्त तुमची लागेल. किनाऱ्यावर वाळूत गाडी नेणाऱ्यांनी तर हा विषयच काढू नये. खाली घेतलेल्या गाडीचं पोट वाळूवर टेकलं की चाकांवर वजन राहत नाही आणि ती जागच्या जागी फिरू लागतात. भरती कोणासाठी थांबत नाही.

एक बारीक मुद्दा इथेच सांगून टाकतो, कारण तो नेहमी राहून जातो. गाडी पुढून-मागून सारखी न उतरवता फक्त मागून ३८ मिलिमीटर खाली घेतली, तर तिचं नाक एका अंशाने वर होतं. हेडलाइटचा झोत २५ मीटरवर जवळजवळ ४४ सेंटिमीटर वर जातो. घाटात समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत नेमका तोच बसतो.

५. आधी पाहा, गाडी आपोआप बसली तर नाही ना

जुन्या गाडीच्या बाबतीत माझं मत असं आहे की बहुतेक वेळा प्रश्नच चुकीचा विचारला जातो. पंचवीस वर्षांच्या गाडीची उंची कंपनीने दिलेली उरलेलीच नसते. स्प्रिंग वर्षानुवर्षं भार वाहून कायमची आखूड होते. ती मऊ झाली असं लोक म्हणतात, पण पोलादाचा कडकपणा वयाने जवळजवळ बदलत नाही. बदलते ती मोकळी उंची. मागची एक बाजू जास्त बसलेली असणं तर नित्याचंच. अशा गाडीची उंची आणखी कमी करायची म्हणजे काढलेल्या कर्जावर पुन्हा कर्ज काढायचं.

समुद्रकाठी यात गंजाची भर पडते. स्प्रिंगच्या सगळ्यांत खालच्या वेढ्यात, बैठकीपाशी, चिखल साठतो. त्यात खारं पाणी मुरतं. रंगाचा टवका उडालेल्या जागी गंजाचा बारीक खड्डा पडतो, आणि सतत पिळल्या जाणाऱ्या तारेत भेग सुरू व्हायला तेवढा खड्डा पुरतो. म्हणून तुटलेली स्प्रिंग बरेचदा खालच्या वेढ्यातच तुटलेली सापडते. बाहेरून ती धड दिसते.

मग तरुण मंडळी ज्याला ‘गाडी वळणावर झोलते’ म्हणतात, ते कशामुळे? उंचीमुळे असण्यापेक्षा थकलेले शॉकॲब्सॉर्बर, फाटलेले बुश, ढिले बॉल जॉइंट आणि हरवलेलं व्हील अलाइनमेंट यांमुळे असण्याची शक्यता कितीतरी जास्त. हे सगळं मूळ मापाचं नवं टाकलं, की ज्या स्थिरतेसाठी गाडी खाली घ्यायची होती तिचा मोठा हिस्सा उंचीला हात न लावता परत मिळतो. कायद्याचा प्रश्न तर उद्भवतच नाही, कारण ती दुरुस्ती असते, बदल नव्हे. यावर कोणी म्हणेल, ‘पण दिसायला तशीच राहते ना!’ खरं आहे. तशीच राहते.

६. कायदा काय म्हणतो?

भारतात मोटारीचं कोणतंही मॉडेल विक्रीला येण्याआधी त्याचा नमुना मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२६ वा नियम त्यासाठी आहे. यांतली नावाजलेली संस्था म्हणजे पुण्याची एआरएआय, १९६६ साली स्थापन झालेली. तुमच्या दारातली गाडी रस्त्यावर आहे ती त्या तपासलेल्या नमुन्याची प्रत म्हणून. मोटार वाहन कायदा १९८८ चं ५२ वं कलम हाच धागा पुढे नेतं. उत्पादकाने मूळ ठरवलेल्या तपशिलांपासून नोंदणी प्रमाणपत्रातले तपशील वेगळे पडतील असा बदल मालकाने करायचा नाही. बदल म्हणजे काय, तेही तिथेच सांगितलं आहे: वाहनाच्या रचनेतला असा फेरफार, ज्यामुळे त्याचं मूलभूत स्वरूप बदलतं. केरळमधून आलेल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या कलमाचा कडक अर्थ लावला, की उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलांना छेद देणारा बदल चालणार नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कायद्यात १८२ए हे कलम आलं. परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. ‘प्रत्येक बदलामागे’ हे शब्द वाचताना लोक घाई करतात.

यावर हुशार माणूस हमखास म्हणतो: माझ्या आरसी बुकात चेसिस नंबर आहे, इंजिन नंबर आहे, रंग आहे, वजन आहे, आसनं आहेत, गाडीची उंची कुठे लिहिली आहे? स्प्रिंगचा तर उल्लेखही नाही. मग बदल झाला कुठे? हा आक्षेप शब्दाला धरून आहे आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. झिजलेली स्प्रिंग काढून कंपनीने त्याच मॉडेलसाठी दिलेली स्प्रिंग बसवणं हा बदल नाही, यावर दुमत नसावं. पण कापलेली स्प्रिंग, कापलेलं मडगार्ड, चेसिसला लावलेलं वेल्डिंग, मूळ मापाबाहेरची चाकं या पायऱ्या चढत गेलं की कुठेतरी ‘मूलभूत स्वरूप’ बदलल्याची रेषा येते. ती नेमकी कुठे आहे हे गाडी थांबवणारा मोटार वाहन निरीक्षक ठरवणार, आणि त्याच्याशी वाद झाला तर न्यायालय. परिवहन विभागाच्या वायुवेग पथकासमोर रस्त्याच्या कडेला उभं राहून कलमाच्या शब्दांवर कीस पाडण्यात किती अर्थ आहे, हे ज्याचं त्याने ठरवावं. शिवाय उंची नोंदीत नसली तरी टायर घासतो का, स्टिअरिंगमध्ये खेळ आहे का, हेडलाइटचा झोत कुठे पडतो, हे निरीक्षक पाहूच शकतो.

‘कोणी पकडत नाही’ हा युक्तिवाद तर जुन्या गाडीला सगळ्यांत कमी लागू पडतो. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची, पुढे दर ५ वर्षांनी नूतनीकरण, आणि त्या वेळी गाडी प्रत्यक्ष दाखवावी लागते. एमएच-०८ ची गाडी असेल तर रत्नागिरीच्या कार्यालयाला. १ एप्रिल २०२२ ला १५ वर्षांवरच्या मोटारीच्या नूतनीकरणाचं शुल्क ६०० वरून ५,००० रुपये झालं होतं. एवढे पैसे भरून नेलेली गाडी स्प्रिंगपायी परत यावी, हा तोट्याचा व्यवहार. विम्याचंही तसंच. जोखीम बदलणारी गोष्ट विमा कंपनीला न कळवता केली, तर अपघातानंतर दावा अडवायला आपणच कारण हाती देतो. आणि गाडी पन्नाशी ओलांडलेली, म्हणजे जुनी फियाट ११०० वगैरे असेल, तर २०२१ च्या नियमांनुसार तिला विंटेज म्हणून नोंदता येतं. पण अट अशी की ती मूळ रूपात जपलेली हवी. तिच्या बाबतीत खाली-वर करण्याचा विचारही करू नये.

जर्मनीत या प्रश्नाची सोडवणूक वेगळी आहे, आणि मला ती शहाणपणाची वाटते. तिथे गाडी खाली घेता येते, पण स्प्रिंगसोबत तिच्या तपासणीचा कागद हवा, बसवल्यावर गाडी अधिकृत तपासनिसाला दाखवायला हवी, आणि गरज असेल तिथे कागदपत्रांत नोंद व्हायला हवी. तपासनिसांच्या मार्गदर्शिकेत जमिनीपासूनच्या अंतराचा निकषही आहे: ८० सेंटिमीटर रुंद आणि ११ सेंटिमीटर उंच अडथळ्यावरून गाडी न घासता गेली पाहिजे. म्हणजे बदलाला मनाई नाही आणि मोकाट सूटही नाही. आपल्याकडे सीएनजी किटसाठी अशी मान्यताप्राप्त वाट आहे: मंजूर किट, अधिकृत बसवणारा, आरसीमध्ये नोंद. स्प्रिंगसाठीही अशी सोपी वाट झाली तर ग्राइंडरचा धंदा बराच कमी होईल. होईपर्यंत मात्र जे आहे ते असं आहे.

७. तरीही करायचंच असेल तर

सगळं वाचून ज्याचं मन वळलं नाही त्याच्यासाठी माझा कौल असा. आधी गाडी मूळ उंचीवर आणा: नव्या स्प्रिंग, नवे शॉकॲब्सॉर्बर, नवे बुश, अलाइनमेंट. महिनाभर चालवा. त्यानंतरही खाली घ्यावीशी वाटली तर २५ मिलिमीटर ही शेवटची मर्यादा समजा. वर काढलेल्या हिशोबात हर्णेच्या रस्त्यावर त्यापुढे हातात फारसं काही उरत नाही. स्प्रिंग कापलेली नको, तापवलेली नको; त्याच मॉडेलच्या दुसऱ्या आवृत्तीसाठी कंपनीने स्वतः दिलेली, किंवा नावाजलेल्या कारखान्याची त्याच गाडीसाठी घडवलेली अखंड स्प्रिंग, आणि तिला जुळणारे आखूड शॉकॲब्सॉर्बर व बफर. यांतली पहिली निवड निरीक्षकासमोर टिकण्याची शक्यता जास्त, कारण ती उत्पादकाच्याच तपशिलांच्या आतली आहे. टायरचा बाहेरचा व्यास मूळचाच ठेवा. छोटे टायर घालून गाडी खाली दिसते खरी, पण व्यास ५ टक्के कमी झाला तर काटा ६० दाखवतो तेव्हा गाडी ५७ ने जात असते, आणि पोटाखालची जागाही कमी होतेच. पत्रा कापू नका, चेसिसला वेल्डिंग लावू नका; जे कराल ते पान्याने उलट फिरवून पूर्ववत होईल असंच करा. काढलेल्या मूळ वस्तू तेल लावून माळ्यावर ठेवा. काम सुरू करण्याआधी परिवहन कार्यालयाला आणि विमा कंपनीला लेखी विचारा, आणि उत्तरही लेखीच घ्या. नकार आला तर तो नकार समजा. एजंटला विचारून तो बदलत नाही.

आणि यांतलं काहीही करण्याआधी एक काम, त्याला एक मोजपट्टी आणि दहा मिनिटं लागतात. गाडी सपाट जागी रिकामी उभी करा. प्रत्येक चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर मिलिमीटरमध्ये मोजा, चारही आकडे कागदावर लिहा, तारीख घाला आणि तो कागद आरसीच्या पाकिटात ठेवा. त्याच मॉडेलचे कंपनीचे आकडे सर्व्हिस सेंटरमधून मिळवून शेजारी लिहा. डाव्या-उजव्या बाजूंत बोटभर फरक निघाला, तर गाडी खाली घेण्याचा विषय बाजूला ठेवून आधी ती वर कशी आणायची ते पाहा.